गॅसशिवाय वोक: ८ किलोवॅटची इंडक्शन शेगडी, १४ महिन्यांनंतर

वोक म्हणजे गोल बुडाची चिनी कढई. तिच्यासाठीची ही शेगडी मी हौसेनं घेतलेली नाही. परक्या देशात स्वतःचं आशियाई रेस्टॉरंट काढायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला परवडेल अशी एकच जागा मिळाली. वर तीन मजले माणसं राहतात. घरमालकानं पहिल्याच भेटीत सांगितलं की इमारतीत गॅस नाही, नवी लाइन घेऊ देणार नाही आणि सिलिंडर तर मुळीच चालणार नाही. आधी तिथे बेकरी होती. त्यामुळे एक्झॉस्टची नळी छतापर्यंत गेलेली होती आणि भट्टीसाठी ओढलेली थ्री-फेज वीजही जागेवर होती. या दोन गोष्टी नसत्या, तर आम्ही ती जागा सोडूनच दिली असती.

माझे हात गॅसवर तयार झालेत. सहा वर्षं मी एका कँटनी, म्हणजे दक्षिण चीनकडच्या पद्धतीच्या स्वयंपाकघरात राबले. तिथला एकेक बर्नर ताशी एक लाख बीटीयूचा, म्हणजे जवळजवळ २९ किलोवॅटचा. ज्वाला वोकच्या बाजूनं वर चढायची आणि तिचा आवाज एवढा, की ऑर्डर ओरडून सांगावी लागे. त्यापुढे ८ किलोवॅट हा आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता.

विक्रेत्यानं आधी साडेतीन किलोवॅटची साध्या प्लगवर चालणारी शेगडी दाखवली. त्याच्या दुकानातच मी बोक चॉय ही चिनी पालेभाजी परतायला घेतली. पहिले काही क्षण छान चरचर झाली, मग पानांना पाणी सुटलं आणि भाजी त्या पाण्यात शिजत बसली. वोकच्या कामात सगळा खेळ या पाण्याचा आहे. भाजी जितकं पाणी सोडते तितकं लगेच वाफ होऊन गेलं पाहिजे, नाहीतर परतणं संपतं आणि उकडणं सुरू होतं. हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल उष्णता लागते. ८ किलोवॅटच्या शेगडीतून भांड्याला ७ किलोवॅटच्या आसपास पोहोचतात असं धरलं, तर सेकंदाला तीन ग्रॅम पाणी उडतं. लहान शेगडीवर सव्वा ग्रॅमच्या थोडं वर. गॅसच्या २९ किलोवॅटमधली बरीच उष्णता वोकला वळसा घालून थेट हूडमध्ये, म्हणजे वरच्या धूर ओढणाऱ्या झाकणात जाते, म्हणून प्रत्यक्षातली तफावत आकड्यांवरून वाटते तेवढी नसते. हे कागदावर मांडलं तेव्हा धीर आला आणि मोठी शेगडी मागवली.

शेगडी येण्याआधीचं काम तिच्यापेक्षा जड गेलं. ४०० व्होल्टच्या थ्री-फेजवर ती दर फेजला साडेअकरा अँपियरच्या आसपास घेते. एवढ्यानं बिघडत नाही. पण शेजारी भात शिजवायचं मोठं भांडं, डिशवॉशर, फ्रीज आणि एक्झॉस्टचा पंखा एकाच वेळी चालू असतात, आणि जागेला मंजूर असलेला वीजभार त्या सगळ्यांना पुरला पाहिजे. इलेक्ट्रिशियन काय विचारतोय हे मला पहिल्या दिवशी निम्मंच कळलं. भाषा मला भाजी आणायपुरती आणि भांडायपुरती येत होती, पण ‘मंजूर भार’, ‘वेगळं सर्किट’, ‘अर्थ गळती’ हे शब्द कधी कानांवर पडले नव्हते. मी एक वही केली. एका बाजूला त्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला आपला. शेगडीच्या बाबतीत ती वही मला मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडली आणि अजूनही काउंटरखाली आहे.

आता शेगडीविषयी. वर काचेची खोलगट वाटी आहे, वोक तिच्यात बसतो. वाटीची गोलाई आणि वोकची गोलाई जुळायलाच हवी. माझा जुना कार्बन स्टीलचा वोक, सहा वर्षांच्या तेलानं काळाभोर झालेला, जुन्या शेफनी निरोप देताना हातात ठेवलेला, इथे चालला नाही. वापरून त्याचा तळ जरासा चेपला होता आणि मधोमध काचेपासून फट राहत होती. कडा तापत आणि मध्यभागी तांदूळ चिकटत. मला फार वाईट वाटलं. शेवटी शेगडीच्या मापाचे ३६ सेंटिमीटरचे दोन नवे वोक घेतले आणि ते तापवून, तेल पुसून, पुन्हा तापवून हाताखाली यायला तीन आठवडे गेले.

दुसरी अडचण वोक उचलण्याची. भांडं वाटीपासून दूर गेलं की ताव तुटतो आणि परत टेकवल्यावर क्षणभरानं येतो. मला वाटायचं, मी वोक हवेत उचलूनच भात उडवते. २०२० मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी फ्राइड राइस करणाऱ्या शेफचे व्हिडिओ मोजून एक अभ्यास छापला. त्यात सेकंदाला सुमारे २.७ वेळा भात उडवला जातो असं दिसलं आणि वोक शेगडीच्या कडेवर टेकलेलाच राहतो, पुढे-मागे सरकतो आणि झोके खातो. ते वाचून मी नवऱ्याला माझाच व्हिडिओ घ्यायला लावला. खरंच, मीही बराच वेळ टेकवूनच उडवत होते, फक्त शेवटचा झटका उंच जायचा. तो झटका कमी करायला दीड महिना लागला. आता ताव तुटत नाही आणि खांदाही पूर्वीइतका दुखत नाही.

वोक हेई येते का, हे मला प्रत्येक जण विचारतो. ज्यांना ही चव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: भडकत्या आगीवर परतलेल्या पदार्थाला जो किंचित धुरकट, भाजका वास येतो, त्याला कँटनी लोक वोक हेई म्हणतात. उडालेल्या तेलाचे थेंब ज्वालेत पेटतात, त्यातून तिचा एक भाग येतो. इथे ज्वालाच नाही, त्यामुळे तो भाग येत नाही. दुसरा भाग कोरड्या, कडक तापलेल्या लोखंडावर पदार्थ करपण्याच्या किंचित अलीकडे नेण्यातून येतो, आणि तो इथे मिळतो. अट एकच, वोक ओसंडून भरायचा नाही. गॅसवर मी एका खेपेत चार प्लेटी नूडल्स काढायचे, इथे दोनच. वोकच्या वरच्या कडा इथे थंड राहतात, म्हणून बाजूनं सॉस सोडायची सवयही मोडली. आता तो तळाशी जागा करून तिथेच टाकते. जुने शेफ एकदा येऊन जेवून गेले. बीफ हो फन, म्हणजे तांदळाच्या रुंद नूडल्स बीफबरोबर परतलेल्या, खाल्लं आणि म्हणाले, नूडल्स सुटसुटीत आहेत, धूर कमी आहे. मलाही अगदी तसंच वाटतं.

फायदे मात्र रोज जाणवतात. जुन्या किचनमध्ये उन्हाळ्यात डोळ्यांपुढे अंधारी यायची. इथे मी बारा तास उभी राहू शकते. गॅसच्या वोक शेगडीचा पत्रा थंड ठेवायला पाणी सतत वाहत असे, ते इथे लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींनी आवाजाची एकदाही तक्रार केलेली नाही, आणि परक्या माणसाच्या हॉटेलला शेजाऱ्यांचं एवढं मौन फार मोलाचं असतं. एक गैरसमज मात्र काढून टाका: गॅस नाही म्हणून हूड नको, असं होत नाही. जळणाचा धूर नसला तरी तेलाची वाफ तेवढीच उठते. हूडच्या जाळ्या आम्ही दर दोन दिवसांनी उकळत्या पाण्यात घालतो.

वाईट दिवस एकच आला, तो सातव्या महिन्यात, शनिवारी रात्री साडेआठला. सगळी टेबलं भरलेली आणि शेगडी शिटी मारून बंद पडली. पडद्यावर एक कोड. विक्रेत्याच्या मदत क्रमांकावर सोमवारी फोन करा असं ध्वनिमुद्रित उत्तर. आम्ही सपाट तव्यावर जेवढं निघेल तेवढं काढलं आणि सहा टेबलांची माफी मागितली. सोमवारी कळलं की शेगडीच्या खालच्या बाजूला हवा ओढणारी एक जाळी आहे, ती तेल आणि पिठानं गच्च भरली होती, आतली यंत्रणा तापली आणि तिनं स्वतःला बंद केलं. जाळी धुवायला चार मिनिटं लागतात. मॅन्युअलमध्ये हे ४१व्या पानावर होतं, मी २०व्या पानापर्यंत पोहोचले होते. विकताना विक्रेत्यानं एका शब्दानं सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे. आता ती जाळी दर सोमवारी आणि गुरुवारी धुतली जाते आणि भिंतीवरच्या कागदावर सही होते.

काचेच्या वाटीवर पळी आपटू नका. आमच्या मदतनिसाच्या हातून जड पळी निसटली आणि केसाएवढी चीर गेली. चीर गेलेल्या वाटीवर शेगडी चालवायची नसते, खाली पाणी गेलं तर विजेचा धोका असतो. नवी वाटी यायला अकरा दिवस लागले. आणि किचनमध्ये कुणाला पेसमेकर असेल, तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या शेगडीजवळ उभं राहू नये. कामावर घेताना मी हे आधी विचारते.

गॅस मिळत असेल आणि मेन्यू पूर्ण कँटनी असेल, तर गॅसच घ्या. मिळत नसेल तर ही शेगडी घ्या, पण पाच किलोवॅटच्या खाली जाऊ नका. आणि जागेच्या करारावर सही करण्याआधी मंजूर वीजभार लेखी मागा. आम्ही दुसऱ्या शेगडीसाठी भार वाढवायचा अर्ज गेल्या महिन्यात दिला आहे. या वेळी तो मी स्वतः भरला. मंजूर झाला की हेच मॉडेल घेणार, फक्त दुकान वेगळं असेल आणि एक जास्तीची काचेची वाटी त्याच दिवशी घरी येईल.