गूगल डॉक्स वर्गात : आठ महिन्यांनंतर

वह्यांचा गठ्ठा घरी न्यायला लागू नये, एवढ्याच आशेने मी सातवीच्या गटकामासाठी गूगल डॉक्स सुरू केलं, म्हणजे एकाच फाइलमध्ये सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन लिहायचं. ती आशा फोल ठरली. तपासणं उलट वाढलं, कारण मुलं आता अर्धवट लिहिलेलंही दाखवतात. तरी मी ते बंद केलेलं नाही, आणि त्याचं कारण निबंधांपेक्षा वेगळंच आहे.

पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. तेरा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक देशांत स्वतःचं गूगल खातं स्वतः उघडता येत नाही, म्हणून शाळेने खाती दिली होती. निम्मा वर्ग पासवर्ड विसरून आला. तो रीसेट करणं अ‍ॅडमिनच्या हातात, आणि अ‍ॅडमिन त्या दिवशी रजेवर. तास वाया जाऊ नये म्हणून मी 'लिंक असलेल्या कोणालाही बदल करता येईल' ही सेटिंग चालू करून टाकली. लॉगिन न करता आलेल्यांना डॉक्स प्राण्यांची नावं देतं. पडद्यावर अनामिक कॅपिबारा, अनामिक अ‍ॅक्सोलॉटल अशी जत्रा भरली. दहा मिनिटांत जलचक्राच्या परिच्छेदात ओळभर 'हाहाहा', आणि एका मुलीच्या वाक्याखाली 'हे कोणी लिहिलं, डोकं आहे का?' पाणी प्यायला जायचं तरी हात वर करून विचारणारी ही मुलं! रागावणार कोणावर, कॅपिबारावर?

नाव झाकलं की जीभ सुटते. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये यावर लिहिलं होतं. मी ते वाचलं मात्र या प्रकारानंतर. दुसऱ्या दिवशी तीच फाइल, पण प्रत्येक जण आपापल्या खात्यातून. कर्सरवर नाव दिसायला लागलं आणि 'हाहाहा' थांबलं. मी भाषण दिलं नाही, फक्त आदल्या दिवशीचं पान शेजारी उघडून ठेवलं.

पुढे एकाने दुसऱ्याचा अख्खा परिच्छेद उडवला आणि 'मी नाही' म्हणाला. डॉक्स फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं; त्या आवृत्ती इतिहासात कोणी, कधी, काय पुसलं ते रंगासकट दिसतं. प्रोजेक्टरवर दाखवायचा मोह झाला होता. पण मग चारचौघांत कोणाची फजिती करू नका, हे मी कोणत्या तोंडाने शिकवणार? दोघांनाच टेबलाशी बोलावलं. स्वतःच्या रंगात काट मारलेल्या ओळी बघून तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, डिलीट केलं की गेलं." पुढचे दोन तास मी या एका वाक्यावर घेतले : ग्रुपवर पुसलेला मेसेज, त्याआधी कोणी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट, फोटोसोबत जाणारं लोकेशन.

वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. जुनी आवृत्ती सरसकट 'रिस्टोअर' करू नका, नंतर इतरांनी लिहिलेलंही फाइलमधून जातं. जुन्या आवृत्तीतून हवा तेवढा परिच्छेद कॉपी करून आणा. आणि इतिहास 'काय झालं' सांगतो, 'का' ते सांगत नाही. मोबाईलवर बोट घसरून पुसलेलं आणि मुद्दाम पुसलेलं तिथे सारखंच दिसतं, त्यामुळे आधी विचारायचं, मग बोलायचं.

माझीही परीक्षा झालीच. "मॅडम, हे चित्र कोणाचं?" असं एका मुलीने विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं, सर्चमध्ये दिसलं, उचललं. आता क्रिएटिव्ह कॉमन्सचा (निर्मात्याने काही अटींवर वापरायची परवानगी दिलेल्या चित्रांचा) फिल्टर लावते आणि चित्राखाली नाव लिहिते. तिचं लक्ष असतंच.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिला महिना मुलांना फक्त कमेंटची परवानगी द्यावी, असं माझं मत. बदल करायचा हक्क नंतर.

परिच्छेद उडवणारा तो मुलगा हल्ली गटकाम सुरू व्हायच्या आधी आवृत्तीला नाव देऊन ठेवतो. परवाचं नाव होतं : 'मी हात लावायच्या आधीचं'.