आठ महिने रोज एचआरव्ही मोजल्यावर

ऑक्टोबरमध्ये छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा घेतला आणि फोनवर एचआरव्हीचं (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) ॲप टाकलं. आता मे संपत आलाय. माझं वय ३६, फुटबॉलमध्ये मिडफिल्डला खेळतो, रविवारी बहुतेक वेळा कामठीला सामना असतो. सकाळी आकडा बघितला की आज पाय चालतील की नाही ते कळेल, या आशेने पैसे घातले होते. ते कळत नाही, हे आधीच सांगतो. तरीही पट्टा मी सोडलेला नाही.

नाडी ६० आहे म्हणजे दर सेकंदाला बरोब्बर एक ठोका, असं नसतं. एक ठोका ९६० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा १०४० ने. श्वास घेताना हृदय जरा पळतं, सोडताना संथ होतं. ठोक्यांमधल्या अंतरातली ही कमीजास्ती म्हणजे एचआरव्ही. ॲप त्यातून आरएमएसएसडी नावाचा आकडा काढतं. शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या वेगस नर्व्हचा हृदयावर किती अंमल आहे, ते त्यातून दिसतं; अंमल जास्त तर आकडा मोठा. पायातला दम त्यात मोजला जात नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. साडेपाचला उठून आधी लघवीला जाऊन यायचं, पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करायची, बांधून उताणं पडायचं. डिसेंबरात तो गार पट्टा छातीला लागला की अंगावर काटा यायचा आणि पहिल्या मिनिटाची नोंद हमखास बिघडायची. म्हणून दोन मिनिटं नुसता पडून राहतो, मग एक मिनिट मोजतो. रोज उताणंच, बसून किंवा उभ्याने आकडा बदलतो. श्वासही आपल्या चालीने चालू द्यायचा. मुद्दाम संथ, खोल श्वास घेतला की आकडा फुगतो. सामन्याच्या दिवशी मी नकळत तेच करत होतो, हे दोन महिन्यांनी लक्षात आलं.

खरा धडा जानेवारीत मिळाला. आठवड्याला दोनदा स्प्रिंट, वर घरच्या लग्नाची जागरणं. सात दिवसांची सरासरी ५८ वरून ४४ वर आली. पाय हलके वाटत होते म्हणून मी दुर्लक्ष केलं. नवव्या दिवशी ताप, दोन सामने गेले. उलट मार्चमध्ये एका सामन्याच्या सकाळी आकडा ३९ होता, आणि त्या दिवशी मी पूर्ण ९० मिनिटं मोसमातला सगळ्यात चांगला खेळ केला. एकाच सकाळच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. डॅनियल प्लूज, मार्टिन बुशाइट या क्रीडाशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या लेखात आठवड्याच्या सरासरीवरच भर दिला होता. तो लेख मी ताप उतरल्यावर वाचला.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात हा पट्टा सगळ्यात जास्त कामी आला. थंडीत रविवारचा सामना झाला की सोमवारी आकडा पडायचा, मंगळवारी जागेवर. एप्रिलपासून तो बुधवारपर्यंत खालीच राहू लागला. सामना तोच, पण घाम दुप्पट, रात्री कूलरपुढेही झोप तुटक, पाणी कितीही प्या कमीच. पारा ४५ ला टेकला त्या आठवड्यात तर गुरुवार उजाडला. मग मंगळवारचे स्प्रिंट गुरुवारी नेले, मंगळवारी फक्त पासिंग. मांडीचा स्नायू दरवर्षी मेमध्ये धरायचा, यंदा धरला नाही. श्रेय पट्ट्याचं की बदललेल्या वेळापत्रकाचं, ते एका वर्षावरून ठरवणार नाही.

टीममधल्या १९ वर्षांच्या पोराने एकदा माझा पट्टा लावला, आकडा आला ९५. "दादा, तुमचं एवढं कमी काऊन?" वयाप्रमाणे तो उतरतो आणि माणसागणिक वेगळा असतो. आपली तुलना आपल्याच मागच्या महिन्याशी करायची. त्याला हेच सांगितलं, पण पोरं अजून आकड्यांची शर्यत लावतातच.

तक्रार एकच. पाचव्या महिन्यात पट्ट्याचं इलॅस्टिक सैल झालं, ठोके सुटू लागले आणि आकडा एकदम १४० दाखवू लागला. दुकानदाराने वॉरंटी फक्त सेन्सरची म्हणून हात वर केले. नवा पट्टा वेगळा घ्यावा लागला. तेव्हापासून सरावातही वापरला की लगेच साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवतो, आणि सेन्सर बटणातून काढून ठेवतो, नाहीतर सेल उतरतो. नवतपा सुरू झालाय. आजची सरासरी ५१, म्हणून उद्या पहाटे फक्त पासिंग.