रिटुक्सिमॅब की टीएनएफ अडवणारं इंजेक्शन? कोविडच्या अंगाने एक तुलना

मेथोट्रेक्सेटने ऱ्हुमॅटॉइड संधिवात आटोक्यात येईना, की डॉक्टर पुढचे पर्याय मांडतात: अ‍ॅडालिमुमॅब किंवा इटॅनरसेप्टसारखं टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं प्रथिन) अडवणारं इंजेक्शन, नाहीतर सलाइनमधून रिटुक्सिमॅब. मग घरचे विचारतात, "प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घ्यायचं, आणि कोविड झाला तर?" या भीतीत सगळी औषधं एकाच माळेचे मणी ठरतात. प्रत्यक्षात तसं नाही.

अमेरिकेत जानेवारी २०२० ते जून २०२१ या काळात कोविडने दाखल झालेल्या सव्वादोन लाखांच्या आसपास प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातले १६,४९४ जण आधीपासून अशी औषधं घेत होते. एकूण पाहता त्यांच्यात मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही, व्हेंटिलेटरची गरजही जास्त लागली नाही. अपवाद रिटुक्सिमॅबचा: संधिवातासारख्या आजारांसाठी ते घेणाऱ्यांत रुग्णालयातल्या मृत्यूचा धोका १.७२ पट निघाला.

कारण समजण्यासारखं आहे. रिटुक्सिमॅब बी पेशीच, म्हणजे ज्यांच्यापासून अँटिबॉडी तयार होतात त्या पेशीच, संपवतं. पंधरा दिवसांच्या अंतराने १००० मिलिग्रॅमचे दोन डोस दिले की पुढचे सहा महिने, कधी त्याहून जास्त, त्या पेशी परतत नाहीत. तेवढ्या काळात नव्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी तयार होणं अवघड, लसही धड लागू पडत नाही, आणि एकदा शिरेत गेलेलं औषध परत काढता येत नाही. टीएनएफवालं इंजेक्शन पुढे ढकलता तरी येतं. शिवाय संधिवाताच्या रुग्णांच्या जागतिक नोंदवहीतल्या पहिल्या ६०० जणांत ते घेणाऱ्यांवर कोविडमुळे दाखल व्हायची वेळ कमी आली होती.

पण हे आकडे जपून वाचावेत. रिटुक्सिमॅब बऱ्याचदा अवघड रुग्णांनाच दिलं जातं. ज्यांची फुप्फुसं आधीच कडक झाली आहेत किंवा बाकीची औषधं हरली आहेत अशांना. शिवाय हा काळ बहुतांशी लसीपूर्वीचा.

आणि आपल्याकडे टीबीला विसरून चालत नाही. टीएनएफ अडवलं की फुप्फुसात दबून बसलेला टीबी डोकं वर काढू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा रक्ताची तपासणी होते. टीबी होऊन गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब सुचवलं, तर ते कोविडच्या आकड्यांकडे बघून झिडकारू नये. तसं काही नसेल, तर माझा कौल आधी टीएनएफवाल्या इंजेक्शनला.

स्टेरॉइडची गोष्ट वेगळीच. त्याच ६०० जणांत रोज १० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांची दाखल होण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती. उलट ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत, दाखल झाल्यावर रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजन न लागलेल्यांना मात्र फायदा झाला नाही. गरज नसताना, साखर न तपासता दिलेल्या स्टेरॉइडने २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसला कशी वाट करून दिली, ते महाराष्ट्राने पाहिलंच. त्याच सुमारास नातेवाईक ज्याच्यासाठी वणवण फिरत होते ते टोसिलिझुमॅबही मूळचं संधिवाताचंच औषध! तेव्हा 'प्रतिकारशक्ती दाबणारं' एवढ्यावरून घाबरण्यापेक्षा कुठलं औषध, किती आणि कधी, ते विचारावं.

रिटुक्सिमॅबच ठरलं, तर लस आधी उरकून घ्या. पुढच्या फेरीच्या साधारण चार आठवडे आधी घेतलेली बरी. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर बूस्टरनंतर दोन आठवडे गोळी थांबवल्यावर अँटिबॉडी दुपटीच्या आसपास वाढल्याचं ब्रिटनमधल्या एका चाचणीत दिसलं. मात्र थांबवायची की नाही ते डॉक्टरांनी सांगायचं, कारण त्या दिवसांत सांधे पुन्हा धरू शकतात. स्टेरॉइड तर परस्पर एकदम बंद करूच नका. आणि दाखल व्हायची वेळ आलीच, तर रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसची तारीख लिहिलेला कागद सोबत न्या.