कॉफीच्या कुळातली पावडर

कंबरेतली गादी सरकून सहा वर्षं झाली. इथे न्यू जर्सीत फिजिओथेरपीच्या प्रत्येक खेपेला खिसा हलका व्हायचा, आणि घरी पोचेपर्यंत डावा पाय पोटरीपर्यंत पुन्हा बधिर. त्याच दिवसांत पेट्रोल पंपाजवळच्या एका दुकानातल्या पोराने क्रॅटम नावाच्या झाडाच्या पानांच्या पावडरीचं पाकीट पुढे सरकवलं. हिंदी बोलणारा, आपल्याकडचाच. "अंकल, कॉफी की फॅमिली का पेड़ है. बस पत्ती है."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, इथेच मी फसलो. झाड खरंच कॉफीच्या कुळातलं. थायलंड-मलेशियातले मजूर पिढ्यान्‌पिढ्या त्याची पानं चघळत आलेत. आपल्या रानातला कळंबही त्याच्या भावकीतला. पण पानातलं मित्रागायनिन हे द्रव्य मेंदूत अफू-मॉर्फिनच्याच जागी जाऊन बसतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, क्रॅटमला दुखण्यावरचं औषध म्हणून कधीच मान्यता दिलेली नाही. २०१८ साली क्रॅटममधल्या साल्मोनेला जंतूंनी अमेरिकेच्या ४१ राज्यांत १९९ माणसं आजारी पडली होती, तेही मला नंतर कळलं.

ताकात कालवून प्यायचो. कडूजहर, हिरवा गाळ तळाशी. आराम पडला, नाकारत नाही. पण एका चमच्याचे तीन झाले, तेव्हा दुकानातल्या पोराने गोळ्या काढल्या. "वही है, बस छाना हुआ." वेष्टणावर बारीक अक्षरात ७-ओएच, म्हणजे ७-हायड्रॉक्सीमित्रागायनिन. पानात हे द्रव्य नावापुरतं असतं. गोळीत ते वेगळं काढून भरलेलं, आणि जोर मित्रागायनिनपेक्षा कितीतरी जास्त. जुलै २०२५ मध्ये एफडीएने त्यावर अमली पदार्थांसारखं नियंत्रण आणण्याची शिफारस केली. तोवर माझे चार महिने झाले होते.

भाचीच्या लग्नाला पुण्याला आलो आणि गोळ्या संपल्या. हळदीच्या रात्री पाय गादीवर ठरेनात. नाक वाहतंय, घाम, जांभयांवर जांभया. ताई म्हणाली, "प्रवासात थंडी बाधली तुला," आणि आल्याचा काढा करून आणला. तो पिताना माझा हात थरथरत होता. बहिणीला काय सांगणार, की मामाला तलफ आलीये?

परतल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. याआधी का नाही, असं त्यांनी विचारलं. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत क्रॅटम दिसत नाही, म्हणून मी बिनधास्त होतो. त्यांनी यकृताची तपासणी केली, माझ्या इतर गोळ्यांची यादी पुन्हा पाहिली आणि एकदम न तोडता मात्रा हळूहळू उतरवायला सांगितलं. दोन महिने गेले त्यात. कंबर अजून दुखते.

उरलेली पाकिटं घेऊन दुकानात गेलो. डब्यावरच्या क्यूआर कोडवर प्रयोगशाळेचा अहवाल उघडायचा, पण त्यातला बॅच नंबर वेगळाच निघाला. पोराने वाद घातला नाही. पावडरीचं पाकीट उलटं करून तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. मानवी सेवनासाठी नाही, असं तिथे छापलेलं होतं.