पोर्टच्या जखमेसाठी लोकल: बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन आणि बाकीची मंडळी

मुलांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर दुखतं तीन ठिकाणी: पोर्टच्या (दुर्बीण आणि अवजारं आत घालायच्या नळ्यांच्या) छिद्रांत, आत जिथे काम झालं तिथे आणि खांद्यात. पोर्टच्या जागी दिलेलं लोकल, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारं औषध, यांतलं पहिलंच दुखणं नीट थांबवतं. एवढी मर्यादा मान्य केली, तर साध्या बुपिव्हाकेनच्या बाटलीला मागे टाकणं नव्या औषधांनाही जड जातं.

लिग्नोकेन आधीच बाजूला ठेवलेलं बरं. दोन ते पाच मिनिटांत लागू पडतं हे खरं, पण तासा-दोन तासांत उतरतं, म्हणजे मूल पुरतं जागं होऊन रडायला मोकळं होतं नेमकं तेव्हाच. बुपिव्हाकेनला लागू पडायला पाच-दहा मिनिटं लागतात, मात्र साधारण चार ते आठ तास निभावतं. टाके घालून झाल्यावर घाईघाईने टोचलं आणि लगेच भूल उतरवली, तर पहिली काही मिनिटं मूल कळवळतं आणि दोष औषधावर जातो.

खरी गडबड टक्क्यांच्या हिशेबात होते. ०.२५ टक्के म्हणजे दर मिलीत २.५ मिलीग्रॅम, आणि कमाल मात्रा दर किलोला २.५ मिलीग्रॅम. थोडक्यात, या बाटलीतून किलोला १ मिली ही शेवटची रेघ. हाताशी ०.५ टक्क्यांची बाटली असेल तर ती रेघ अर्ध्या मिलीवर येते, म्हणून तेवढंच सलाईन मिसळून ०.२५ करावं. त्याने आकारमानही मिळतं, आणि तीन-चार छिद्रांत पसरवायला तेच हवं असतं. पाठीत देण्याची ‘हेवी’ बाटली मात्र इथे चालत नाही. तिच्यात डेक्स्ट्रोज असतं.

१६ किलोचं मूल, अपेंडिक्स, तीन पोर्ट, असं धरू. कमाल ४० मिलीग्रॅम, म्हणजे १६ मिली. बेंबीला ५ आणि उरलेल्या दोन छिद्रांना ३-३ मिली दिले की ११ मिली, २७.५ मिलीग्रॅम झाले. सर्जनने एवढं दिल्यावर भूलतज्ज्ञाने सोनोग्राफीखाली टॅप ब्लॉक (पोटाच्या स्नायूंच्या थरांत लोकल सोडून तिथल्या नसा बधिर करणं) म्हणून त्याच बाटलीतून प्रत्येक बाजूला किलोला ०.३ मिली दिलं, तर आणखी २४ मिलीग्रॅमची भर. बेरीज ५१.५. प्रत्येकाची मात्रा स्वतंत्रपणे बरोबर, एकत्र केली की मर्यादेबाहेर. दोन वेगळी औषधं वापरली तरी सुटका नाही, कारण विषबाधेची बेरीज होतेच. म्हणून पहिली सिरिंज भरण्याआधी एकूण मिली फळ्यावर लिहावे. मूल लठ्ठ असेल तर उंचीला साजेसं वजन धरावं.

टोचण्याची जागा औषधाच्या नावापेक्षा महत्त्वाची. फक्त कातडीखाली फुगा आणून भागत नाही. फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण) आणि पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या अस्तराच्या) बाहेरचा थर भिजला पाहिजे. पहिला पोर्ट आत गेल्यावर बाकीची छिद्रं कॅमेऱ्याखाली टोचली, तर पेरिटोनियम आतून किंचित फुगलेलं दिसतं, तिथे सुई थांबवायची. दर वेळी आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते पाहायचं.

रोपिव्हाकेन ०.२ टक्के हृदयाला तुलनेने सौम्य आहे आणि मर्यादा किलोला ३ मिलीग्रॅम, म्हणजे दीड मिली. ब्लॉकसाठी जास्त आकारमान लागतं, तिथे हेच घ्यावं. लेव्होबुपिव्हाकेनही हृदयाला मूळ भावापेक्षा, म्हणजे बुपिव्हाकेनपेक्षा, थोडं सौम्य, मात्रा तीच. सहा महिन्यांखालील बाळांत औषध बांधून ठेवणारं प्रथिन कमी आणि यकृत अजून कच्चं, त्यामुळे कोणतंही लोकल असलं तरी मात्रा तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरवावी. लायपोसोमल बुपिव्हाकेनला (चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरलेलं, हळूहळू सुटणारं) अमेरिकेत २०२१ पासून सहा वर्षांच्या आणि त्यावरील मुलांसाठी मान्यता आहे. छोट्या छिद्रांसाठी मात्र ते आम्हाला चैनच वाटते. शिवाय त्याच जागी आधी लिग्नोकेन दिलं असेल तर वीस मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर आतलं बुपिव्हाकेन एकदम सुटतं.

लोकलची विषबाधा झाली तरी भुलेखालचं मूल कान वाजतात, ओठ बधिर झाले असं सांगणार नाही. मॉनिटरवर हृदयाची लय बिघडते किंवा रक्तदाब पडतो, तीच पहिली खूण. त्यावरचा उतारा, २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण), खोलीतच हवं: किलोला १.५ मिली दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली. ॲड्रेनलिन लागलं तर किलोला १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी. प्रोपोफॉल पांढरं दिसतं म्हणून ते लिपिडची जागा घेत नाही.

खांद्याचं दुखणं शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेल्या आणि आत उरलेल्या वायूमुळे छाती-पोटामधला पडदा चिडल्याने होतं. तिथे पोर्टला दिलेलं लोकल पोचतच नाही. पोर्ट काढण्याआधी झडपा उघडून पोट हलकं दाबावं आणि वायू पुरता बाहेर काढावा, हे कोणत्याही बाटलीपेक्षा स्वस्त. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलीग्रॅम दर सहा तासांनी, पहिली मात्रा लोकल उतरायच्या आधी. मूल रडल्यावर देऊ असं ठरवलं, तर पहिल्या रात्रीचे तास-दोन तास हातचे जातात.