विमानाचं अंतर सांगणारं अ‍ॅप: किलोमीटर बरोबर, तास मात्र अंदाजपंचे

दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि वेळ सांगणारं एक फुकटातलं अ‍ॅप महिनाभर वापरतोय, तर अंतराच्या बाबतीत खरंच चांगलंय. लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५५५० किमी दाखवतं, ते बरोबरच आहे. नकाशावर रेघ वाकडी दिसते म्हणून आधी मला वाटलं गंडलंय, पण पृथ्वी गोल असल्याने सगळ्यात जवळचा रस्ता सपाट नकाशावर असाच वाकलेला दिसतो, टोकियो-न्यूयॉर्क टाकून बघा, रेघ थेट अलास्काकडे चढते!

वेळेचं मात्र काही खरं नाही. हे सरळ ताशी ८०० किमीने भागाकार करतं आणि लंडन-न्यूयॉर्कला जाता-येता दोन्हीकडे ७ तास म्हणून मोकळं होतं. अहो, वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात ना, जेट स्ट्रीम म्हणतात ते, त्यामुळे न्यूयॉर्कला जाताना ८ तासांच्या आसपास लागतात आणि परत येताना तासभर तरी कमी. शिवाय रनवेकडे रांगेत उभं राहण्याचा वेळ कुठेच धरलेला नाही.

अजून एक डोकेदुखी, 'मैल' निवडलं तर नॉटिकल मैल देतं (१ म्हणजे १.८५२ किमी), साधा मैल १.६०९ किमीचा. मी अर्धा तास आकडे जुळवत बसलो होतो.

अंतरासाठी ठेवा, पुढची कनेक्टिंग फ्लाइट यावरून ठरवू नका. ३ स्टार.