फ्रीविल: मृत्युपत्र फुकट होतं, पण संस्थेचं नाव नीट लिहा

अमेरिकेतल्या बऱ्याच सेवाभावी संस्थांच्या वेबसाइटवर हल्ली ‘तुमचं विल मोफत करा’ असं बटण दिसतं. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थाही त्यात आल्या. यातली कितीतरी बटणं फ्रीविलकडे नेतात. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमधून निघालेली ही सेवा विल करणाऱ्याकडून पैसे घेत नाही, वर्गणी संस्था भरते. म्हणजे खरं गिऱ्हाईक संस्थेचा प्लॅन्ड गिव्हिंग विभाग, मृत्युपत्रातून वगैरे येणाऱ्या देणग्या पाहणारा. त्यामुळे हे परीक्षणही त्याच विभागाच्या बाजूने, वर्गणी वसूल होते का हे पाहणारं.

फॉर्म सुटसुटीत आहे. राज्य कोणतं, जोडीदार, मुलं, लहान मुलांचा पालक कोण, एक्झिक्युटर (विल अमलात आणणारा) कोण, ठरावीक वस्तू किंवा रक्कम कोणाला आणि उरलेलं सगळं कोणाला किती टक्के, असे प्रश्न एकामागोमाग येतात. एक घर, दोन मुलं, थोडी बचत असा संसार असेल तर अर्ध्या तासात काम उरकतं. देणगीदार विचारतात, ‘रक्कम लिहू की टक्के?’ टक्केच लिहायला सांगावं. वीस हजार डॉलर लिहिले आणि शेवटच्या आजारपणात पैसा संपला, तर तेवढी रक्कम आधी संस्थेला जाते आणि मुलांच्या हाती उरलंसुरलं येतं. मग घरात वाद होतो आणि त्यात संस्थेचं नाव निघतं. उरलेल्या मालमत्तेचे पाच टक्के लिहिले की ती पाळी येत नाही.

खरी गळती फॉर्म भरून झाल्यावर होते. स्क्रीनवर ‘पूर्ण’ दिसलं म्हणजे विल झालं, असा समज फार पक्का आहे. कागद छापून त्यावर सही करायची असते. बहुतेक राज्यांत दोन सज्ञान साक्षीदारांसमोर, आणि ते विलमधले लाभार्थी नसलेले बरे. लुइझियानात साक्षीदारांबरोबर नोटरीही लागतो. मूळ प्रत सांभाळणं हा आणखी वेगळा विषय. ती देणगीदाराकडेच होती आणि नंतर सापडली नाही, तर त्यानेच विल रद्द केलं असं कोर्ट सहसा गृहीत धरतं. ती एकट्याच्या नावावरच्या बँक लॉकरमध्येही नको, कारण लॉकर उघडायचाच तर घरच्यांना कोर्टाचा कागद लागू शकतो.

म्हणून किती जणांनी विलमध्ये संस्थेचं नाव घातलं, हा सेवेकडून येणाऱ्या अहवालातला आकडा वार्षिक बैठकीत जसाच्या तसा मिरवू नये. त्यात सही न झालेली विलं असतात, आणि सही झालेलं विलही माणूस उद्या बदलू शकतो. अहवालाचा खरा उपयोग म्हणजे ओळख द्यायला तयार असलेल्यांची नावं हाती येतात. आठवड्याच्या आत फोन करावा. आधी आभार, मग ‘सही झाली का, साक्षीदार कोण होते?’ रक्कम विचारायची घाई नको. साक्षीदार मिळत नाहीत म्हणून ‘तुम्हीच या ना’ अशी गळ कोणी घातली, तर नम्रपणे नकार द्यावा. संस्थेचा माणूस साक्षीदार किंवा एक्झिक्युटर असला की नातेवाइकांच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं.

आता नावाचं. नागरी हक्क संस्थांपुरता तरी हाच सगळ्यात मोठा खड्डा. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था १९०९ सालची. तिचा लीगल डिफेन्स फंड, म्हणजे खटले लढवणारी शाखा, वकील थरगुड मार्शल यांनी १९४० मध्ये उभा केला आणि १९५७ पासून तो पूर्णपणे वेगळी संस्था आहे. नावातल्या आद्याक्षरांवरून दोघी कोर्टातही गेल्या आणि १९८५ च्या अपिलातल्या निकालानंतर फंडाकडे ती अक्षरं राहिली. देणगीदाराच्या मनात फंडाने लढवलेले शाळांतल्या वंशभेदाचे खटले असतात आणि हात लिहितो नुसतं ‘एनएएसीपी’. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एसीएलयूचंही तसंच: मूळ संघटना वेगळी, तिचं फाउंडेशन वेगळं आणि राज्याराज्यांतल्या शाखा आणखी वेगळ्या. आयकर वजावटीची देणगी फाउंडेशनला जाते, संघटनेला नाही. संस्थेच्या पानावरून फॉर्म उघडला तर गोंधळ कमी होतो. नाव हाताने टाइप करायचं झालं, तर कायदेशीर पूर्ण नाव, शहर आणि नऊ अंकी कर क्रमांक तिन्ही हवेत.

निवृत्ती खातं, म्हणजे आयआरए किंवा ४०१के, यावर विलचा हुकूम चालत नाही. तिथे खातं सांभाळणाऱ्या कंपनीकडच्या लाभार्थी फॉर्मवर ज्याचं नाव, त्याला पैसे. फ्रीविल त्याची वाट दाखवतं, पण नाव बदलायचं ते खातं असलेल्या कंपनीतच. खरं तर देणगीसाठी हाच सगळ्यात स्वस्त पैसा. मुलांनी काढला तर त्यावर आयकर, आणि २०१९ च्या कायद्यानंतर बहुतेकांना दहा वर्षांत खातं रिकामं करावं लागतं. करमुक्त संस्थेला काहीच कर नाही. म्हणून घर मुलांना, आयआरए संस्थेला. देणगीदाराच्या पश्चात मात्र काही कंपन्या संस्थेलाच वारस खातं उघडायला लावतात आणि विश्वस्ताचा वैयक्तिक सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. असा एकेक दावा महिनोन्‌महिने लोंबकळतो, तेव्हा संस्थेच्या ठरावाची प्रत आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आधीच तयार ठेवावं.

वर्गणी वसूल होते का? छोटे, नियमित देणगीदार हजारोंनी असलेल्या संस्थेला होते. मोजकेच आणि स्वतःचा वकील बाळगणारे देणगीदार असतील, तर तेच पैसे चांगल्या माणसाच्या पगारावर घालावेत. दुसरं लग्न, व्यवसायातली भागीदारी, अपंग मूल, नागरिक नसलेला जोडीदार आणि मोठी इस्टेट, यांतलं काहीही असलं तर हा फॉर्म पुरत नाही.

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांसाठी आणखी एक. पुण्यात फ्लॅट आहे आणि त्याचं भारतात वेगळं मृत्युपत्र केलेलं आहे, असं पुष्कळदा असतं. विलच्या ठरीव मसुद्यात ‘याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ असं कलम असतं, आणि त्या एका ओळीने भारतातलं मृत्युपत्रही रद्द ठरण्याचा धोका असतो. ‘भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र वगळून’ एवढे शब्द वकिलाकडून घालून घेतल्याशिवाय छापील प्रतीवर सही करू नये.